काजळ भरलेली चित्रं

३ नोव्हेंबर
देवाच्या कृपेने सेक्टर दोनचं स्टील प्लांटचं क्वार्टर सोडून कोहक्याच्या घरात आलो. आज दुर्गहून आलं ते: टिनाच्या पेट्या तीन. टेम्पो सहाशे, हमाली शंभर. आतला माल: कागद. आमच्या ह्यांचे मोठे भाऊ, माझे भासरे गुलाबराव गेले, त्यांची एवढीच इस्टेट. आजा चित्रकार, बाप चित्रकार, भाऊ चित्रकार. एकानेही घराच्या छपरावर कवेलू चढवलं नाही. हे प्लांटात लागले म्हणून पोळी दिसते.

५ नोव्हेंबर
पेट्या उघडल्या. घरातल्याच माणसांची चित्रं. मेलेल्यांना डोळे आहेत, जित्यांना नाहीत. ह्यांची आत्या सिंधुताई दुर्गहून आल्या होत्या. म्हणाल्या, "जित्या माणसाचे डोळे भरत नाही, सूनबाई. तेराव्याले घरचं कोणी भरते. आपली रीत हाय." मी म्हटलं, आळशाला रीत बरी सापडते. मनातच म्हटलं. चहा मात्र दोनदा घेतला बाईंनी.

८ नोव्हेंबर
देवघर मांडलं. त्याच खोलीत आंधळी चित्रं? देवीलासुद्धा आपण डोळे बसवतो. समईवर काजळ धरलं, काडीला कापूस गुंडाळला आणि वरची तीन उरकली: नथीतल्या तरुण सिंधुताई, नागपूरच्या नणंदबाई गयाबाई आणि दोन वेण्यांची कोणी पोरगी. सगळ्या खानदानाला जमलं नाही ते कुकर होईपर्यंत झालं.

९ नोव्हेंबर
सिंधुताई गेल्या. चहा पिता पिता. वय झालंच होतं. चित्र पाहून हे ओरडले, "कावून हात लावला तू?" चित्रकाराचंच रक्त, घाबरट.

१० नोव्हेंबर
गयाबाई. दुखणं नाही, काही नाही. ज्या क्रमाने भरले त्याच— योगायोग असेल. स्तोत्र म्हणून राहिले.
तिसरी कोण? डोळ्यांशिवाय ओळखूच आली नव्हती. आता चष्मा लावून पाहिलं. मान तिरपी करून बघायची ती ढब—
माझी लेक निशा. भासऱ्यांनी सुटीत काढली असेल. आणि मी माझ्या हातानं—
पुसायला गेले. काजळ पसरलं. डोळे आणखी मोठे झाले. जोर लावला तर कागद फाटेल, मग—
पेटीच्या तळाशी माझं चित्र. मुंडावळ्या. डोळे कोरे.
देवीपुढे पदर पसरला. पोरीच्या जागी मी घे. काडी उचलली.

११ नोव्हेंबर
निशा नर्सिंगच्या कँपला, बस्तरात. फोन लागत नाही. पत्र आधी इथंच लिहिते—
चि. निशास आशीर्वाद. आईनं स्वतःच्या चित्रात डोळे भरले. तुझ्या बापाच्या खानदानापेक्षा बरे उतरले. पेट्या जपून ठेव. माझ्यासारखी शहाणी होऊ नको.
ऊन भरपूर आहे, तरी अक्षर दिसेना. चित्रातली मी मात्र इकडेच बघून—
तू बरी आहेस एवढं उलट टपाली कळव. मी असले नसले तरी कळव. ह्यांच्या नावानं लिही, आणि पाकिटावर