हिंगाच्या डबीतला गहू

रुचिका,

सोमवारची पूजा आटोपून मी देवळात जातेय. परेशला गहू बाधतो म्हणून मी पोळपाटही वेगळा ठेवला, तरी माझ्या आमटीने त्याचं पोट दुखायचंच. "रुचिकाच्या हातचंच पचतं गं आई," म्हणत आठ दिवस तो तुझंच जेवतोय. मला ते फार लागलं.

आज हिंगाच्या डबीवरचं वाचलं. त्यात गव्हाचं पीठ असतं! चूक माझीच, पण तुला हिंगाचा वास सोसत नाही म्हणून तू घालत नाहीस, त्यात तुझ्या हाताचा गुण तो काय, बाळा?

डबी टाकून दिली. बिनहिंगाची आमटी गॅसवर आहे, तुझी भाजी फ्रीजमध्ये ठेवलीय. त्याला आमटीच वाढ. कुणी केली ते मात्र तो पोटभर जेवल्यावर सांग.

आई