बाहुल्यांचे व्याही

आप्पा, काल मी रस्ता ओलांडून शेटकाकांच्या दुकानात गेले आणि त्यांच्या मुलीला चक्क अहो-जाहो केलं. तुम्ही असतात तर गल्ल्यावरून उठून हसला असतात. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आपलं हॉटेल अजून आळेफाट्यालाच आहे आणि समोर त्यांचं भुसाराचं दुकानही. दोन्ही आता आम्ही मुलीच चालवतो. तुमच्या वेळी शेटकाका रोज सकाळी आपल्याकडे चहाला यायचे, आणि कप रिकामा होईपर्यंत तुम्ही दोघं राजकारणावर तापलेले असायचात. पक्ष कायम वेगळे. एका उन्हाळ्यात निवडणूक लागली आणि तुम्ही भर गिऱ्हाइकांत ओरडलात, "अरे जा रं! तुजा पक्ष चोरांचा, अन् तू त्यांचा झोळीवाला!" शेटकाका पिढ्यान्‌पिढ्या इथलेच जैन मारवाडी, त्यामुळे त्यांनीही अस्सल आपल्याच बोलीत तुमच्या सात पिढ्या उद्धरल्या, अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघून गेले. मग येईनातच.

पंचाईत आम्हा मुलींची झाली. माझ्या बाहुल्याचं त्यांच्या मुलीच्या बाहुलीशी लग्न ठरलेलं, आणि मुहूर्त मोडायला आम्ही दोघीही तयार नव्हतो. मी जेवण सोडलं. म्हणजे घरचं सोडलं. हॉटेलातली भजी चालू होती. शेवटी वरबाप म्हणून तुम्ही टोपी घालून, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभे राहिलात. समोर शेटकाका फेटा बांधून. अक्षता पडल्या आणि आई म्हणाली, "आता व्याहीभेट." तुम्ही नारळ बदललेत, गळाभेट घेतलीत. मधून बैलगाडी गेली असती, अशी ती गळाभेट. पण झाली, आणि तिथेच तुम्ही अडकलात. व्याह्याला अरे-तुरे करायची आपल्यात रीतच नाही. दुसऱ्या दिवशी ते उरलेला चहा मागायला आल्यासारखे दारात उभे राहिले. तुम्ही "अरे" म्हणायला तोंड उघडलंत, शब्द गिळलात आणि म्हणालात, "या इवाई."

मला अजून ते दिसतं. तुम्ही गल्ल्यावर, ते बाकावर, आणि वेगळ्या कढईत त्यांच्यासाठी बिनकांद्याची मूगभजी, व्याह्यांचा मान म्हणून. तुम्ही म्हणायचात, "इवाई, तुमचा उमेदवार लई गुणाचा. अख्खा रस्ता खाल्ला, पण ढेकर दिला न्हाई." "खरं हाय, इवाई. तुमच्यावाल्यानं रस्ता केलाच न्हाई, खाणार काय?" नाशिकची गाडी लागली तरी लोक उठत नसत. मत तुमच्यापैकी एकाचंही कधी बदललं नाही. पण शेटकाका गेले तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस त्या बाकावर कुणाला बसू दिलं नाहीत, हे मी पाहिलंय.

आणि आम्ही दोघी शहाण्या! लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. या निवडणुकीत फाट्यावरच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने तुमच्या पक्षाची काहीतरी टर उडवली. मी तिची अक्कल काढली. तिने माझं खानदान काढलं. ती ग्रुप सोडून गेली, आणि मग रोज सकाळी शटर उघडताना आम्ही दोघी मधल्या ट्रककडे बघत होतो. मला तिच्याशिवाय करमत नव्हतं, आप्पा. पण त्या लग्नात मी मुलाची आई. वरमाईने रुसायचं आणि मुलीकडच्यांनी समजूत काढायची, असा नियम लावून मी वाट पाहत बसले. ती कसली येते!

काल गेलेच. पायरीवर उभी राहून म्हणाले, "इहीणबाई, हाय का जागा बसायला?" तिने तराजूवरची नजर काढली नाही. मग म्हणाली, "या की. तुमच्या पक्षात खुर्चीसाठी मारामाऱ्या, आमच्याकडं स्टूल हाय."

"आमचे भांडत्यात तरी. तुमच्यात एक बोलतो अन् बाकीचे मुंड्या हलवत्यात."

तिचे ओठ हलले. "एवढं दिवस कुठं मेली व्हतीस?" म्हणाली, आणि लगेच जीभ चावून दुरुस्त केलं, "म्हंजे, कुठं मेल्या व्हता?" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की गिऱ्हाईक गूळ तसाच ठेवून गेलं. डोळे पुसले आणि दुपारपर्यंत भांडलो. एकदाही तू म्हटलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, तो प्रश्न नाही. तुमच्या हाती पडू नये, हेच बरं. कारण तुमच्या पक्षासाठी मी एवढी भांडले खरी, पण मतदानाच्या खोलीत एकटी उभी राहिले तेव्हा बटण व्याह्यांच्या पक्षाचं दाबलं. तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्या सकाळी भांडायचं कुणाशी?