अनपेक्षित अडचणींचा आठवडा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसूनच दे, उठू नकोस.) गुडघा काय म्हणतो? मी धडधाकट आहे, फक्त फार दमलोय. ऑपरेशनला सोबत यायचं कबूल केलंय ते विसरलेलो नाही. सगळं रामायण त्यापायीच घडलं.

लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हे माझं काम. (काका हेच घरी फुकट करतात, असं तू म्हणतेस.) नवीन काम आलं की साहेब विचारतात, तपासायला किती दिवस लागतील? वस्तू अजून तयारच नसते, पण "सांगता येत नाही" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. तुझ्या डॉक्टरांना मी ऑपरेशनला किती वेळ लागेल विचारलं, तर ते म्हणाले, "उघडल्यावर कळेल," आणि मी मुकाट्याने "बरं" म्हणालो. आमच्याकडे रीत वेगळी. मी खरा आकडा दुप्पट करून सांगतो, साहेब आठ्या घालून तो निम्मा करतात, मग दोघंही खुशीत चहा पितो.

या वेळी मी दुपटीवर "अनपेक्षित अडचणी" म्हणून आणखी एक आठवडा चिकटवला. (अडचण म्हणजे तूच. रागावू नकोस, दुसऱ्या कुठल्या रकान्यात बसवणार होतो तुला?) नेमके तेव्हाच साहेब कसल्याशा शिबिराला जाऊन आले. तिथे त्यांना हाताखालच्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. माझा आकडा त्यांनी जसाच्या तसा वर पाठवला. गिऱ्हाईक म्हणालं, एवढा वेळ आहे तर आमचं जुनं सॉफ्टवेअरही त्यातच तपासून टाका. साहेब विश्वासाने हो म्हणाले! त्या जुन्या प्रकरणात एक चूक दुरुस्त केली की तीन नव्या डोकं वर काढतात. तुझा आठवडा त्यातच गेला. साहेब रोज पाठीवर थाप मारून म्हणतात, "तुझ्या अंदाजावर माझा पूर्ण भरवसा आहे." मेल्याहून मेल्यासारखं होतं गं.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलता येईल का? डॉक्टरांना सहज विचारून बघ.

ता. क. २. वरचं विचारू नकोस. "तो येणार आहे, मग मला कसली भीती," असं तू म्हणालीस, ते बाबांनी आत्ताच फोनवर सांगितलं. फार लाज वाटली. तसाच उठून साहेबांकडे गेलो आणि सगळं खरं सांगून रजा मागितली. मग आठ्या घालून त्यांनी रजा निम्मी केली. (मी दुप्पट मागितली होती.) तुला आत नेतील तेव्हा मी दाराशी असेन. घाबरू नकोस.