कॅरव्हॅन विकणार नाही

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि वरच्या मजल्यावर आमच्यासाठी रंगवून ठेवलेली ती खोली, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. आम्हीही सुखरूप आहोत. हे वाक्य दोनदा वाच, कारण पुढचं वाचताना तू ते विसरणार आहेस.

निघताना तू अट घातली होतीस आणि मी ती मान्यही केली होती: कॅरव्हॅनला पहिला अपघात झाला की ती विकायची आणि मुकाट्याने तुझ्या वरच्या खोलीत राहायला यायचं. (जन्मभर विमा विकलेल्या माणसाला जिन्याच्या पायरीतही अपघातच दिसतो, याचा मी तेव्हाही राग धरला नाही.) तर परवा दुपारी जे घडलं तो अपघात नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी हा पत्रप्रपंच.

जेवायला आम्ही एका तळ्याकाठी थांबलो. यांनी कॅरव्हॅन काठाच्या उतारावर उभी केली, पुढची मोटार सोडवून सावलीत नेली, चाकांना चार दगड लावले (हे मला नंतर कळलं, मी तेव्हा काकडी चिरत होते) आणि बटाटे परतायला आत गेले. मी बाहेर टेबल मांडलं. उघड्या टेबलावर ताट ठेवायचं नाही, हा आपल्या आईचा दंडक कुठल्याही स्मृतिग्रंथाहून कडक. पण वारा असा, की टेबलक्लॉथ चारही कोपऱ्यांनी उडायला बघत होता. इकडेतिकडे पाहिलं तर चार दगड, अगदी एका मापाचे, चाकांपाशी बिनकामाचे पडलेले. प्रत्येक कोपऱ्यावर एक ठेवला. इतकं देखणं टेबल तू पाहिलं नसशील.

त्यानंतर कॅरव्हॅन पाण्याकडे निघाली. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक असतात. शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात, म्हणजे आपलं कावळा बसायला आणि फांदी मोडायला. निघाली तीही रुसलेल्या आत्याबाईंसारखी: सावकाश, ताठ मानेनं, कुणी थांबवतंय का याचा अंदाज घेत. खिडकीत कढई धरून उभे असलेले हे मला म्हणाले, "अगं, टेबल कुठं चाललंय?"

"टेबल जागेवर आहे," मी म्हटलं. "तुम्ही निघालात."

(आणि हा माणूस जन्मभर लोकांना चष्मे देत आला.)

दाराच्या पायरीपर्यंत पाणी आलं आणि गाडी चिखलात रुतून थांबली. गळ टाकून बसलेल्या एका गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, आपलं स्टूल उचललं आणि बरंच लांब जाऊन बसले. मोटारीनं ओढून पाहिलं, दोरी तुटली. मला वाटलं, झालं, आता यांना तुझी खोली आठवणार. पण यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि कढईतूनच जेवले. मग बराच वेळ पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. म्हणाले, "अंधाऱ्या खोलीत लोकांकडून समोरची अक्षरं वाचून घेण्यात जन्म गेला. मी स्वतः इतक्या लांबचं कधी बघितलंच नव्हतं गं."

तेव्हा दादा, गाडी विकणार नाही. तुझ्या त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर उघडते. तिथे आम्ही म्हातारे होऊ. इथे नुसते ओले झालोय. शिवाय अपघात म्हणजे नकळत घडलेलं. इथे तर चारही दगड मी स्वतःच्या हातानं, पूर्ण विचारांती उचलले होते.

तुझी, दिलेला शब्द अर्थासकट पाळणारी,
बहीण

ता. क. तुझ्या जीपला मागे आकडा आहे ना? जाड दोर घेऊन ये. रविवारच्या आत आलास तर बरं. चाकं रोज थोडी खाली जातायत.

ता. क. २. कुणी विचारलं तर बहिणीनं जेवायला बोलावलंय म्हणून सांग. सोडवायला निघालोय असं म्हणू नकोस, लोकांचा गैरसमज होतो.

ता. क. ३. वहिनीला बरोबर आण आणि परतताना एकट्यानं जायची तयारी ठेव. आम्ही निघायच्या आधी तिनं मला हळूच विचारलं होतं, गाडीत किती जण झोपू शकतात. मी म्हटलं, तिघं आरामात. तिची बॅग तेव्हापासून भरलेली आहे. तुमच्याच पलंगाखाली बघ.