माझ्यामागं होस्ट्याची मुळं कोण सांभाळणार

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात हे मलाही माहीत आहे, पण त्यासाठी माझ्या होस्ट्याची, कुंडीतल्या शोभेच्या झाडाची, पानं कापायची? मी तपासण्यांसाठी दवाखान्यात गेले आणि इकडं मोठ्या जाऊबाई गोजरबाईंनी कुंपणावरून हात घालून सगळ्यात चांगली, निळसर पानं नेली, वड्या केल्या. वर मलाच म्हणतात, "काऊन वं सत्यभामे, तुह्या अळूले चवच नाही!" चव कशी असेल? अळू नाही ते. किती वेळा सांगायचं?

मी जिवंत असताना हे होतं, तर मेल्यावर काय होईल? म्हणून हे मृत्युपत्र.

मी सत्यभामाबाई हिंमतराव पडघान, वय ५४, विधवा, शिक्षण चौथी, राहणार धाड, ता. जि. बुलढाणा, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुंगीचं औषध घेतलेलं नाही, कोणी धाकदपटशा केलेला नाही. धाक दाखवायला घरात दुसरं माणूसच नाही. सोमवारी, १५ तारखेला, ऑपरेशनसाठी भरती व्हायचं आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात.

१) राहतं घर पुतण्या गोकुळ याला. गोजरबाईंचा मुलगा असला तरी त्यालाच. हिंमतराव गेले तेव्हा दहा दिवस तो माझ्या घरी झोपायला येत होता. नंतर आला नाही, तो भाग वेगळा. बँकेत काही उरलं तर माझं क्रियाकर्म त्यातच करावं, मोठा मांडव घालू नये.

२) हिंमतरावांची विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायची हत्यारं, पान्हे, पकडी, सगळं त्यांचा भागीदार भागवत याला. त्यानं दुकानाच्या पाटीवरचं यांचं नाव महिनाभरात पुसलं, ते मी विसरले नाही. पण काम त्यालाच येतं. दुसऱ्याकडं गंजेल.

३) गोजरबाईंना परसातल्या अळूचे सगळे कंद. खऱ्या अळूचे.

४) होस्टा. हे थंड मुलखातलं झाड. हिवाळ्यात त्याला झोप लागते आणि त्या झोपेला थंडी लागते, ती धाडला पुरत नाही. म्हणून पानं पिवळी पडून गेली की मी मुळं काढते, ओलसर पेपरात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवते आणि महाशिवरात्रीला परत कुंडीत लावते. जवळ फळं ठेवायची नाहीत. एकटीच्या फ्रिजमध्ये जागा पुष्कळ असते. आता मुळं तिथंच आहेत. माझं काही झालं तर गोकुळ फ्रिज उघडेल, सडलं म्हणेल आणि उकिरड्यावर टाकेल. त्याचा दोष नाही. पाहणाऱ्याला ती मेलेलीच दिसतात.

ती जिवंत आहेत हे ओळखणारे फक्त बुलढाण्याच्या आपल्या झाडंवेड्यांच्या 'हिरवी ओंजळ' मंडळातले. म्हणून मुळं, कुंड्या आणि फ्रिज मंडळातला जो कोणी हो म्हणेल त्याला.

मंडळात मी कशी आले तेही लिहिते. बुलढाण्याच्या झाडांच्या प्रदर्शनाला कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं गेले होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लेकराचं अर्धं तिकीट काढा!" सगळी गाडी हसली. तिथं मंडळाच्या अध्यक्ष अश्विनीताईंनी पान उलटून पाहिलं, म्हणाल्या, "अहो, होस्टा! आपल्याकडच्या उन्हात? कसा जगवला हो?" हिंमतराव गेल्यापासून मला कोणी, कसं केलं, असं विचारलं नव्हतं. त्याच दिवशी नाव घातलं.

मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकेकाच्या घरी भरतं. जूनमध्ये माझी पाळी होती. ओसरी धुतली, सतरंजी टाकली, पातेलंभर पोहे केले. दुपारी मोबाईलवर आलं की धाड लांब पडतं, या वेळी ताईंकडंच बसू. पोहे शेजारच्या भिमाबाईच्या म्हशीनं खाल्ले. पुढच्या महिन्यात मीच बुलढाण्याला आले, मागं बसले. कोणी विषय काढला नाही. आता मीच काढते. धाड लांब नाही. एसटी येते, जीप येते.

५) भिमाबाईला काही नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा वकिलाचा सल्ला आहे. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मले काय करायचं तुहं? तू वापस ये म्हंजे झालं."

ठिकाण: धाड. तारीख: ३ डिसेंबर २०२५.
सही: सत्यभामाबाई हिंमतराव पडघान
साक्षीदार पहिला: भिमाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार दुसरा: ......................

ही जागा मंडळासाठी कोरी ठेवली आहे, म्हणून या कागदाचा फोटो आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकते. मुळं नेणाऱ्यानं सही करायची नाही आणि सही करणाऱ्यानं मुळं न्यायची नाहीत, म्हणजे तुम्ही दोघं तरी यायला पाहिजे. फोनवर फुलं आणि हात जोडलेले पाठवू नका. रविवार, १४ डिसेंबर, शेवटच्या एसटीच्या आत घरी येऊन तोंडानं सांगा: कोण नेतंय? नसेल कोणी नेत, तर तेही येऊनच सांगा.