घरपोच डेमो

दि. १४ मार्च, दुपार

लाडक्या छकूस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. कंबर कशी आहे तुझी? आमचे मेहुणेबुवा अजून पेपर मोठ्याने वाचून तुझं डोकं खातात का? इकडे सगळं ठीक. गुडघा बरा आहे. मुलगा-सून सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीलाच परत. जीव लावतात हो, नाही म्हणणार नाही.

कागद उलटून दचकू नकोस. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची जाहिरात आहे ती. मागची बाजू कोरी होती, म्हटलं कशाला वाया घालवा.

तुला माहीतच आहे, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. लोकांचे फोन जोडून द्यायचे, पण मध्ये तोंड घालायचं नाही. पलीकडे कोण आहे, कसं आहे, ही उत्सुकता तशीच राहिली. त्यामुळे विम्याचे नि कर्जाचे फोन यायला लागले तेव्हा बाकीचे कट करतात, मी गप्पा मारायला लागले. "अगं, माझा नंबर दिला कुणी तुला?" एकीला सांगता येईल तर शपथ! मग मीच छडा लावायचं ठरवलं. दुकानाबाहेरच्या 'गाडी जिंका' पेटीत चिठ्ठी टाकली, त्यावर नाव लिहिलं बेबी. चपलांच्या दुकानात ठकू. डोळे तपासायला गेले तिथे सोनपरी. म्हणजे जो ज्या नावाने हाक मारेल त्यावरून नंबर कुठून फुटला ते कळणार.

आठवडाभरात विमेवालीचा फोन. "ठकू मॅडम आहेत का?" म्हटलं बाई गं, घेतल्या चपला आणि ही मला मरणाची आठवण करून देतेय! हसून हसून मुरकुंडी वळली.

पुढे चटकच लागली. विमेवालीच्या सासूचं ऑपरेशन झालं ते मला तिच्या नणंदेच्या आधी कळलं. एक दिवस अशाच आमच्या गप्पा रंगल्या आणि गॅसवर दूध राहिलं. पातेल्याचा कोळसा, घरभर धूर, शेजारणीने मुलाला फोन करून बोलावलं. त्यात काय एवढं, दूध कुणाचं करपत नाही? पण तेव्हापासून मुलाने दिलेल्या नव्या फोनवरून फक्त त्या दोघांनाच फोन लागतो. येणारे तेवढे येतात. तुझा नवा नंबर जुन्या फोनबरोबर गेला, पत्ता मात्र पाठ आहे. आणखीही एक केलंय त्याने, ते सांगते पुढे.

तर गेल्या गुरुवारी हा पाणीवाला. "सोनपरी मॅडम, घरपोच डेमो आहे, एक पैसा नाही." म्हटलं ये की बाबा! ठेवणीतले कपडे काढले. खुर्ची पुसली, टेबलावर जग भरून ठेवला, आरशात दोनदा पाहिलं. बेल वाजली तशी लगबगीने गेले, कडी काढली, दार ओढलं. हलेना.

"काकू, बाहेरून कुलूप आहे," तो म्हणाला.

विसरले होते गं मी! एवढी तयारी केली आणि तेच विसरले. तोंडातून निघून गेलं, "अगंबाई, सून चुकून लावून गेली वाटतं."

"मग फोन करा ना त्यांना."

"करते हं," म्हटलं आणि दाराला टेकून उभी राहिले. काय सांगणार होते मुलाला, तू लावलेलं कुलूप काढायला ये?

रोज लावतात, छकू. दूध करपलं त्या दिवसापासून. झालं, सांगून टाकलं.

मग पाणीवाला म्हणाला, "डेमो झाला म्हणून सही लागते, काकू," आणि कागद दाराखालून सरकवला. सोबत ही जाहिरात. सहीच्या कागदावर मी बेबी लिहिलं नाही की सोनपरी नाही, खरं नाव लिहिलं. कागद परत सरकवताना डोक्यात आलं, याच फटीतून पत्रही जाईल. या गुरुवारी वरच्या मजल्यावर त्याचा डेमो आहे. जाताना पत्र घेतो, तिकीट लावून टाकतो म्हणालाय.

मागे एकदा इमारतीतली आगीची घंटा वाजली. सगळे धडाधडा जिने उतरले. मी टॉवेल ओला करून दाराशी बसले होते. मुलगा फोनवर म्हणाला, सराव असेल गं, आणि सरावच निघाला. संध्याकाळी म्हणतो, "बघ, झालं का काही?" मी विचारायला तोंड उघडलं की तो माझ्या गुडघ्याला मलम चोळायला बसतो. मग काय बोलू? रागवायलासुद्धा जागा ठेवत नाही गं. मला भीती वाटते.

आता पुढच्या महिन्यापासून माझा नंबरच बदलणार आहे. "तुला या लोकांचा त्रास नको, आई." म्हणजे ठकू, बेबी, सोनपरी सगळ्याच गेल्या. नव्या नंबरावर कोण करणार मला फोन?

तू ये. कामाच्या दिवशी, भरदुपारी, न कळवता ये. कुलूप दिसेलच. तिथेच जिन्यात बस, तो आला की माझ्यादेखत विचार त्याला. ओरडू नकोस, वाईट नाही तो. पण विचार. आणि तुझ्याकडे चार दिवस न्यायचं म्हणालीस तर माझी पिशवी भरलेली आहे.

त्याला आधी फोन मात्र करू नकोस. तू केलास की तो सांगतो ना, आई झोपलीय? मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकत असते.

मी झोपलेली नसते, छकू.

दाराच्या आतून,
तुझी जागी
ताई