वाटाड्याला कुलूप

४ मार्च, सोमवार

कुलूप! गाडीतल्या वाटाड्याला कुलूप! सकाळच्या मीटिंगमध्ये शिट्टीने जाहीर केलं. शिट्टी म्हणजे आमच्या मॅडम. पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या, अजून प्रत्येक वाक्य मैदानावर उभं राहून बोलतात. म्हणे प्रत्येक सिस्टरने आपल्या गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला चार आकड्यांचं कुलूप लावायचं. गाडी सुरू केली की आधी आकडे, मग रस्ता. कारण काय, तर दुसऱ्या कुठल्याशा संस्थेच्या गाडीतून यंत्र चोरीला गेलं आणि चोर त्यातला पत्ता बघून थेट एका पेशंटच्या घरात शिरला.

मी उभीच राहिले. म्हटलं, मॅडम, मी दिवसाला अकरा घरं करते. अकरा वेळा गाडी बंद, अकरा वेळा सुरू. ऑक्सिजनवाले आजोबा धापा टाकत असताना मी रस्त्यात चष्मा शोधू? आकडे आठवत बसू? माझ्या शेजारी चिमणी जोरजोरात मान हलवत होती. (नाव चिमणी, आवाज कर्ण्यासारखा. माझ्या सुट्टीच्या दिवशी माझी गाडी आणि माझे पेशंट तीच बघते.) ती म्हणाली, "आणि आकडे हिलाच ठाऊक, मग मी काय करू? ज्योतिष बघू?" सगळ्या हसल्या. शिट्टी हसली नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, "तू आयुष्यात त्या यंत्रातल्या एकाच बाईचं ऐकतेस. तिचं तरी तोंड बंद करू नकोस."

५ मार्च, मंगळवार

नाही लावणार. म्हणजे नाही.

६ मार्च, बुधवार

इथे खोटं कशाला लिहू. वाटाड्यात नुसते पत्ते नाहीत.

प्रत्येक पत्त्याला नाव द्यायची जागा असते. त्या जागेत आम्ही सगळ्याच जणी सगळंच भरून ठेवतो. "आजोबा, ऑक्सिजन, किल्ली कुंडीखाली." "जुळ्यांची आई, बेल वाजवू नये." म्हणजे बदली सिस्टरला कुणाला काही विचारावं लागत नाही, गाडीत बसायचं की झालं. पाच वर्षांत एकदाही अडलं नाही. कुणी शिकवलेलं नाही हे, आपोआप पडलेली पद्धत. शिट्टीला कळलं तर ती आहे तिथेच बसेल.

आणि आज टायपिस्ट बाईंकडे जाताना पडद्यावर माझीच अक्षरं वाचली – "टायपिस्ट, तिसरा मजला, किल्ली मीटरच्या पेटीत, दुपारी झोपते." रोज बघते. आज वाचली.

बाई अठ्ठ्याहत्तरच्या. चाळीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं, अजून बोटं मांडीवर चालू असतात. पायाला जखम आहे, भरता भरत नाही, रोज पट्टी. एकट्या राहतात आणि त्यांचा पत्ता आमच्या ऑफिसात बंद पाकिटात आहे. कारण त्यांचा मुलगा. मारकुटा वगैरे नाही. पण बाई एकदा न्हाणीघरात पडल्या आणि तेव्हापासून तो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जायला लागला. त्यांच्या भल्यासाठी! दीड वर्ष. रोज सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. एक दिवस तो कुलूप विसरला, आणि बाई हातात एक पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून निघाल्या त्या निघाल्याच. "तो मला शोधेल सिस्टर," म्हणतात, "आणि गोड बोलून घेऊन जाईल. मला त्याच्यासमोर नाही म्हणता येत नाही."

मी त्यांना शब्द दिलाय. माझ्याकडून पत्ता बाहेर जाणार नाही, कुणी जीभ छाटली तरी.

८ मार्च, शुक्रवार

मुलगा ऑफिसात आला होता.

शहरातल्या तिन्ही संस्थांत विचारत विचारत आलेला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "आईचा पाय कसा आहे एवढंच सांगा." मी म्हटलं, आम्ही कुठल्याच पेशंटबद्दल कुणाशीच बोलत नाही. तो म्हणाला, "म्हणजे ती तुमच्याकडेच आहे." मी पट्ट्यांची पिशवी भरायला घेतली. मनातल्या मनात मात्र स्वतःची पाठ थोपटत होते, की बघ, एक शब्द सुटला नाही तोंडातून.

मग गाडीकडे गेले. हा माझ्या मागोमाग. "निदान औषधं घेते का?" मी दार उघडलं, गाडी सुरू केली, आणि वाटाड्यातली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "पुढचा थांबा, टायपिस्ट." त्याने वाकून काचेतून आत बघितलं. मी पडद्यावर हात ठेवला. हात! जसं काही स्वयंपाकघरात दूध झाकतेय. त्याने पत्ता वाचला नसावा. नसावाच. पण पत्ता कुठे आहे ते त्याला कळलं.

तशीच निघाले, उलट्या दिशेने. सारखं आरशात बघत होते. गावभर तीन फेऱ्या मारल्या आणि मागे कुणी नाही याची खात्री झाल्यावर बाईंकडे गेले. पट्टी बदलली. सांगितलं काहीच नाही. सांगायची लाज वाटली.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता गाडीतच बसले. सगळ्या किल्ल्या, सगळ्या झोपेच्या वेळा पुसून टाकल्या. अकरा घरं. नावांच्या जागी नुसते आकडे. मग कुलूप लावलं. जन्मसाल नाही, गाडीचा नंबर नाही, लग्नाची तारीख नाही. हे खिडकीतून विचारतायत, "काय ठेवलास आकडा?" सांगितला नाही. तीस वर्षांच्या संसारात पहिलं गुपित! हे जरा फुगलेच.

९ मार्च, शनिवार

शिट्टीला जाऊन सांगितलं, लावलं. ती म्हणाली, "तुम्ही?" मी म्हटलं, हो, मीच. आणि आमच्या नावांच्या जागेत आम्ही काय काय लिहितो तेही सांगितलं. ती खरंच बसली.

चिमणी माझ्याशी बोलत नाहीये. तिच्या मते मी पक्ष बदलला. बदललाच!

११ मार्च, सोमवार

वाईट दिवस. सगळं लिहून काढते.

सव्वाबाराला आजोबांच्या सुनेचा फोन. "सिस्टर, नळीतून हवा येत नाहीये!" मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका नव्या पेशंटकडे. नेहमीचा पूल खणून ठेवलेला, दुसरा रस्ता मला माहीत नाही. गाडी सुरू केली. आकडे. चूक. परत आकडे. बोटं ओली होती, परत चूक. तिसऱ्यांदा तर आकडाच आठवेना! चूक. यंत्र म्हणालं, दहा मिनिटं थांबा.

थांबा!

नुसत्या अंदाजाने गाडी हाणली. दोनदा चुकले. एका बोळातून उलटी बाहेर काढली. पोचले तेव्हा आजोबांचे ओठ निळसर झाले होते. नळी खुर्चीच्या पायाखाली दबली होती, बाकी काही नाही. खुर्ची उचलली, हवा सुरू. थोड्या वेळाने आजोबा म्हणतात, "आज चालत आलीस का गं?" मी हसले आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. सात मिनिटं मी रस्त्यात घालवली होती.

गाडीत परत आले. पडद्यावर "कुलूप काढून टाका" असं बटण असतं. त्यावर बोट ठेवून बसले होते. किती वेळ, माहीत नाही. एका बाजूला आजोबांचे ओठ, दुसऱ्या बाजूला बाईंच्या दोन वेगवेगळ्या चपला. कुणाला पुढे काढू, कुणाला मागे सारू? शेवटी बोट उचललं. कुलूप राहील. सुधारायचं ते मला. आजोबांच्या घरचे चारही रस्ते पाठ करायचे, लहान मुलासारखे. आणि आकडा इतक्या वेळा मारायचा की बोटांना तो डोक्याशिवाय यावा.

संध्याकाळी चाळीस वेळा मारला. हे बाजूला बसून मोजत होते. डोळे मिटून, हातमोजे घालून, दोन्ही करून. शेवटच्या दहांत एकही चूक नाही.

१२ मार्च, मंगळवार

चारही रस्ते गाडीने करून बघितले. शाळेमागचा सगळ्यात जवळचा. पाच वर्षांत माहीत नव्हता!

१४ मार्च, गुरुवार

गाडीची काच फोडली. ऑफिसच्या आवारात, भर दुपारी. पर्स सीटखाली तशीच. रक्तदाबाचं यंत्र तसंच. फक्त वाटाड्या गेला.

कुणी नेला हे मला कुणी सांगायला नको. पोलिसांत तक्रार दिली, त्याचं वर्णनही दिलं. हवालदार म्हणतो, "बाई, यंत्रं चोरीला जातातच." मी म्हटलं, पर्स सोडून?

तिथून थेट बाईंकडे. चिमणीच्या गाडीतून, तिनेच सोडलं, एक शब्द न बोलता. मी बाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं – तो ऑफिसात आला होता ते, यंत्र बोललं ते, गेल्या आठवड्यापर्यंत तुमच्या घराची किल्ली कुठे असते हे मी माझ्या हाताने त्यात लिहून ठेवलं होतं तेही. म्हटलं, आता कुलूप आहे. पण तुम्हाला आजच दुसरीकडे हलवता येईल, मॅडमनी मघाशीच खोली बघून ठेवली आहे. चूक माझी, सामान मी बांधते.

बाईंची बोटं मांडीवर चालू. मग म्हणाल्या, "काच हाताने फोडली का त्याने?"

गाडीच्या दारावर रक्ताचे दोन थेंब होते. मी नर्स आहे, मला दिसणारच. सांगितलं. तर म्हणतात, "लागलं असेल मग." मला असा राग आला! मी इथे जिवाचं रान करतेय आणि ह्यांना त्याच्या हाताची काळजी! पट्टी जरा घट्ट बांधली गेली, सोडून परत बांधली.

"मी कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "एकदा पळाले तेवढं पुरे." किल्ली मात्र मीटरच्या पेटीतून काढून आत घेतली.

१५ मार्च, शुक्रवार

सापडला! वॉचमनला कुंपणाच्या झुडपात मिळाला. सुरू केला तर पडद्यावर काय – "आकडा चुकला. दहा मिनिटं थांबा." किती वेळा मारून बघितलं असेल कोण जाणे. शेवटी चिडून फेकून दिलेला दिसतोय.

उघडला नाही! नाहीच उघडला!

मी आवारात ओरडले म्हणे. चिमणी सांगते. ती आता बोलते माझ्याशी. आकडा कसा पाठ करायचा ते शिकव म्हणाली. बाईंना फोन केला – पत्ता सुटलेला नाही, निर्धास्त राहा. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

१८ मार्च, सोमवार

मीटिंग. या वेळी शिट्टीने मलाच उभं केलं. मी आजोबांची सात मिनिटंसुद्धा सांगितली, लपवली नाहीत. म्हटलं, कुलपाचा त्रास आहे, आणि तो आपण सोसायचा. पेशंटने का सोसावा? नावांच्या जागेत यापुढे फक्त आकडे. जोडीदार सिस्टरला आकडा तोंडी सांगायचा, कागदावर नाही. ज्यांचा श्वास यंत्रावर चालतो त्यांच्या घरचे रस्ते प्रत्येकीने पाठ करायचे. उद्यापासून दुपारी अर्धा तास मी सराव घेणार आहे. हातमोजे घालून!

नऊच्या नऊ जणींनी लावलं. शिट्टी माझ्याकडे बघून हसली. चक्क हसली.

हे विचारतात, "आता तरी सांग आकडा." नाही!

२१ मार्च, गुरुवार

बाईंचं दार मुलाने उघडलं.

मी फोन काढला, पोलिसांना लावणार तोच आतून बाईंचा आवाज – "सिस्टर, या आत. मीच बोलावलंय त्याला. काल फोन केला." तो भिंतीला चिकटून उभा. मी बाईंना म्हटलं, अहो, मी शब्द दिला होता तुम्हाला! "तो तुम्ही पाळलात," त्या म्हणाल्या. "चोरून आला असता तर मला परत पळावं लागलं असतं. त्याला शोधता आलं नाही, म्हणून मला बोलावता आलं. काल पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं, फोनवर. घरी येणार नाही म्हटलं. भेटायला ये म्हटलं. पत्ता माझा आहे, सिस्टर. कुणाला द्यायचा ते मी ठरवलं."

मला राग आवरत नव्हता आणि रडूही आवरत नव्हतं. चपला काढल्या. त्याला म्हटलं, हात धुऊन या, पट्टी कशी बदलायची ते बघून घ्या.